डायव्ह कॉम्प्युटर आणि परतीचा घाट

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मालवण-तारकर्लीच्या स्कूबा डायव्हिंगवर पानभर मजकूर आला. छायाचित्रं छान होती, राहण्या-जेवणाचे दर होते, कोणत्या घाटाने जावं हेही होतं. पण पाण्याखाली जाणाऱ्याच्या मनगटावर जे यंत्र असायला हवं, त्या डायव्ह कॉम्प्युटरबद्दल एक ओळही नव्हती. पावसाळा संपून आता मोसम सुरू होतोय. कोर्स करून प्रमाणपत्र घेतलेली आपल्याकडची तरुण मंडळी याच दिवसांत पहिला कॉम्प्युटर घेतात आणि त्यातले बरेच जण घेण्याआधी मला विचारायला येतात. सगळ्यांना जे एकेकट्याला सांगते, ते एकदा चार लोकांसमोर मांडावं म्हणून हे पत्र.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं प्रेशर गेज दुरुस्तीचं आणि कॅलिब्रेशनचं वर्कशॉप आहे. वडिलांनी सुरू केलं, आता भाऊ आणि मी चालवतो. फाउंड्रीचे, बॉयलरचे, हायड्रॉलिक प्रेसचे गेज दिवसभर टेबलावर असतात. डायव्हिंग मी चाळिशीनंतर शिकले. त्यामुळे कुणी बॅटरी बदलायला, कुणी ‘हा खोली बरोबर दाखवतो का’ बघायला कॉम्प्युटर घेऊन येतं आणि बोलणं निघतं. पहिला प्रश्न ठरलेला असतो, “काकू, यात सगळ्यात भारी कुठला?” मी उलट विचारते: जाणार कुठं? किती खोल? बरोबर कोण? आणि घरी परत कधी निघणार? शेवटच्या प्रश्नाचं पोरांना नवल वाटतं. खरं तर या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे, पण त्याआधी यंत्राबद्दल सांगायला हवं.

डायव्ह कॉम्प्युटर खोली मोजत नाही, दाब मोजतो. आत एक प्रेशर सेन्सर, एक घड्याळ आणि हिशेब करणारी चिप असते. समुद्रात दर 10 मीटरला साधारण 1 बार दाब वाढतो, त्यावरून तो खोलीचा आकडा काढतो. दाब वाढला की श्वासातला नायट्रोजन शरीरात जास्त विरघळतो. सावकाश वर आलं तर तो फुप्फुसांवाटे निघून जातो. फार वेळ खाली राहून घाईने वर आलं तर त्याचे बुडबुडे होतात, आणि मग सांधेदुखीपासून पाय लुळे पडण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. जॉन स्कॉट हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी शेळ्यांवर प्रयोग करून 1908 साली यावरचे तक्ते प्रसिद्ध केले. शरीराचे काही भाग नायट्रोजनने लवकर भरतात, काही फार सावकाश, म्हणून त्यांनी पाच कप्पे कल्पून हिशेब मांडला. आजच्या अनेक कॉम्प्युटरमध्ये चालतो तो झुरिचचे डॉ. आल्बर्ट ब्यूलमान यांचा सोळा कप्प्यांचा हिशेब. ब्यूलमान स्वित्झर्लंडचे, त्यामुळे डोंगरातल्या तलावांत उतरणाऱ्यांचाही विचार त्यांनी बारकाईने केला. समुद्रापासून उंचावर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे जवळचं वाटायला हवं.

स्क्रीनवर अनेक आकडे असतात, पण जिवाशी गाठ असलेला आकडा म्हणजे नो-डेको वेळ. आहे त्या खोलीवर आणखी किती मिनिटं थांबलं तरी मध्ये सक्तीचे थांबे न घेता वर येता येईल, ते हा आकडा सांगतो. कोर्समध्ये शिकवला जाणारा पॅडीचा (डायव्हिंग शिकवून प्रमाणपत्र देणारी संस्था) तक्ता काढून बघा. पहिल्या डायव्हला 18 मीटरवर 56 मिनिटं मिळतात, 20 मीटरवर 45, आणि 30 मीटरवर फक्त 20. दोन मीटर खाली सरकलं की अकरा मिनिटं गेली! “इन्स्ट्रक्टरच्या हातात आहे की एक, मला वेगळा कशाला?” असं म्हणणाऱ्यांना माझं हेच उत्तर असतं. इन्स्ट्रक्टर वर तरंगत लक्ष ठेवून असतो, तुम्ही खडकाच्या कपारीतला मासा टिपायला त्याच्या दोन-तीन मीटर खाली गेलेले असता. त्याच्या मनगटावरचा आकडा त्याच्या शरीराचा आहे, तुमच्या नाही. नवरा-बायकोत एक, दोन भावांत एक, हेही चालत नाही. पैसे कमी असतील तर कॅमेरा पुढच्या वर्षी घ्या, पण कॉम्प्युटर प्रत्येकाचा आपापला हवा.

भाड्याच्या कॉम्प्युटरचा एक अनुभव सांगते. कुठे ते लिहीत नाही. सकाळच्या डायव्हला मला एक कॉम्प्युटर दिला. जेवणाच्या सुट्टीत तो दुसऱ्या गटाला दिला आणि दुपारी माझ्या हातात तिसराच ठेवला. “मॅडम, सेमच मॉडेल आहे.” मॉडेल तेच होतं, पण सकाळी माझ्या शरीरात किती नायट्रोजन गेला याचा त्याला पत्ता नव्हता. त्याच्या लेखी मी त्या दिवशी पाण्यात उतरलेच नव्हते, म्हणून तो मला हक्कापेक्षा जास्त मिनिटं देणार होता. आणि माझा सकाळचा कॉम्प्युटर ज्याच्या हातात गेला, त्याच्यापुढे माझा हिशेब. मी दुपारची डायव्ह केली नाही. भाड्याने घेणाऱ्यांनी एवढं कराच: सकाळी हातात आलेल्या कॉम्प्युटरचा नंबर टिपून ठेवा आणि परत निघेपर्यंत तोच मागून घ्या.

आपलं गाव पोहणाऱ्यांचं. रंकाळ्यावर, पंचगंगेवर, विहिरीत मुटके मारत मोठी झालेली माणसं आपण. वीरधवल खाडे याच मातीतून 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकला गेला. त्यामुळे पाण्याची भीती आपल्याला नसते आणि त्याचा मला अभिमान आहे. पण दम कितीही मोठा असो, पट्टीच्या पोहणाऱ्याच्या अंगातही नायट्रोजन तितकाच भरतो.

आता निवड. मी सगळ्यात आधी आकड्यांचा आकार बघायला सांगते. मालवणचं पाणी काही दिवस इतकं हिरवट आणि गढूळ असतं की हात लांब केला तर घड्याळ धूसर दिसतं. चाळिशीचा चश्मा लागलेल्यांना मास्कमधून बारीक अक्षर वाचता येत नाही. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळेच स्क्रीन झकास दिसतात, म्हणून कॉम्प्युटर हातात घेऊन अंधाऱ्या कोपऱ्यात जा, चश्मा काढा, आणि नो-डेकोचा आकडा एका नजरेत सापडतो का बघा. शोधावा लागला तर तो तुमच्यासाठी नाही. बटणांचंही तसंच. क्रेसी कंपनीच्या लिओनार्दो या कॉम्प्युटरला एकच मोठं बटण आहे. ते दाबत दाबत मेनूतून फिरताना वेळ लागतो, पण पाण्याखाली गोंधळ होत नाही. शेअरवॉटरच्या पेरेग्रीनचा रंगीत स्क्रीन फार सुरेख आहे, ज्याला परवडतो त्याने जरूर घ्यावा. पण लिओनार्दोसारखा साधा कॉम्प्युटर वापरणारा त्याच्यापेक्षा कमी सुरक्षित असतो, असं मुळीच नाही.

दुसरी गोष्ट बॅटरी, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण टेबलावर सगळ्यात जास्त तेच बघते. काही कॉम्प्युटरची बॅटरी घरी बदलता येते, काहींची कंपनीकडे पाठवून बदलावी लागते, काही चार्ज होतात. कोल्हापुरात राहणाऱ्याने शक्यतो घरी बदलता येणारा घ्यावा. लिओनार्दोत सीआर 2430 सेल बसतो, सुंटोच्या झूप नोव्होत सीआर 2450. हे दोन्ही सीआर 2032 सारखे कुठल्याही दुकानात मिळत नाहीत, म्हणून महाद्वार रोडच्या घड्याळवाल्याला आधी सांगून मागवून ठेवा. झाकण नाण्याने फिरतं. खाली पाणी अडवणारी काळी रबरी ओ-रिंग असते, शेवयाएवढी बारीक. ती बोटाने अलगद काढायची, टोचणीने नाही, कारण टोचणीचा ओरखडा डोळ्यांना दिसत नसला तरी पाण्याला वाट देतो. खोबणीत वाळूचा कण, कापडाचा धागा, डोक्याचा केस नाही ना हे भिंगातून बघायचं. एक केस आडवा राहिला तरी 15 मीटरवर आत पाणी शिरतं, आणि खाऱ्या पाण्याने हिरवा पडलेला सर्किट बोर्ड कुणीच दुरुस्त करून देत नाही. ओ-रिंग नवी घ्यावी, तिला सिलिकॉन ग्रीसचा नुसता हात लावावा. थापून लावलेलं ग्रीस उलट कचरा धरतं.

परत आल्यावर गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, मग पूर्ण कोरडा करून बॅगेत भरा. बऱ्याच कॉम्प्युटरला बाहेरून धातूचे दोन ठिपके असतात. ते ओले झाले की कॉम्प्युटर जागा होतो. ओल्या टॉवेलात गुंडाळून ठेवला तर तो बॅगेतच जागा राहतो आणि मोसमाच्या आधीच बॅटरी संपते. जूनपासून समुद्र बंद, कॉम्प्युटर कपाटात. ऑक्टोबरात निघायच्या आठ दिवस आधी तो सुरू करून बॅटरी बघायला हवी, मालवणच्या जेटीवर नाही.

तिसरी गोष्ट हिशेबाची पद्धत, म्हणजे अल्गोरिदम. दुकानदार याबद्दल बोलत नाहीत. एकाच डायव्हवर दोन वेगळ्या कंपन्यांचे कॉम्प्युटर वेगळी मिनिटं दाखवतात, कारण कुणी ब्यूलमानचा हिशेब वापरतं, कुणी आरजीबीएम नावाचा. विशेषतः दिवसातल्या दुसऱ्या-तिसऱ्या डायव्हला फरक जाणवतो. जास्त मिनिटं देणारा चांगला आणि कमी देणारा ‘कडक’ म्हणून वाईट, असं पोरं धरून चालतात. मला ते पटत नाही. ज्याच्याबरोबर तुम्ही नेहमी उतरता, त्या बडीचा, म्हणजे पाण्याखालच्या जोडीदाराचा, कॉम्प्युटर ज्या पद्धतीचा असेल, तीच पद्धत घ्या. दोघांचे आकडे जवळपास राहिले की पाण्याखाली वाद नाही. फरक पडलाच तर ज्याचा आकडा लहान, त्याचं ऐकायचं. शिवाय बहुतेक कॉम्प्युटरमध्ये सावधपणा वाढवायची सोय असते. पेरेग्रीनमध्ये तीन पायऱ्या आहेत, लिओनार्दोतही तीन. पन्नाशी जवळ आलेल्यांनी, वजन जास्त असणाऱ्यांनी आणि रात्रभर गाडी चालवून सकाळी बोटीत बसणाऱ्यांनी एक पायरी वर चढवून ठेवावी. मी ठेवते.

टाकीतली हवा मनगटावर दाखवणारा ट्रान्समिटर हवा का, हे हमखास विचारतात. सोयीचा आहे, पण त्याने किंमत बरीच वाढते आणि नळीवरचा साधा गेज तरीही लागतोच. पहिल्या कॉम्प्युटरला नको. ते पैसे पुढच्या कोर्सला ठेवा. अ‍ॅपल वॉच अल्ट्रावर 40 मीटरपर्यंत डायव्हिंगचं अ‍ॅप चालतं, ज्याच्याकडे ते आहे त्याने नीट शिकून वापरावं. पण साध्या स्मार्टवॉचवर ‘50 मीटर वॉटर रेझिस्टंट’ छापलेलं असतं ते बघून पाण्यात उतरू नका. ते घड्याळ भिजलं तरी चालतं एवढाच त्याचा अर्थ. नायट्रोजनचा हिशेब ते करत नाही.

जुना कॉम्प्युटर घेणाऱ्यांसाठी एक सांगते. आमच्याकडे जाड अ‍ॅक्रिलिकचं एक भांडं आहे. ते पाण्याने भरून कॉम्प्युटर आत सोडतो, झाकण आवळतो आणि हातपंपाने सावकाश दाब वाढवतो. शेजारी मास्टर गेज असतो. गेज 0.5 बार दाखवतो तेव्हा स्क्रीनवर 5 मीटरच्या आसपास आकडा यायला हवा, 1 बारला 10, 1.8 ला 18. सेटिंग गोड्या पाण्याचं असेल तर आकडा दोन-तीन टक्के जास्त येतो, तो दोष नाही. मग दाब हळूहळू सोडायचा आणि आकडा शून्यावर परत येतो का ते बघायचं. एकदा एका मुलाने ऑनलाइन घेतलेला जुना कॉम्प्युटर आणला होता. दाब वाढवताना सगळं बरोबर, सोडताना आकडा 18 वरून 12 वर आला आणि तिथेच चिकटला. भांड्यातला दाब शून्य झाला तरी स्क्रीन म्हणत होता 12 मीटर. सेन्सरच्या भोकात मिठाचे खडे साचले होते. कोमट पाण्यात रात्रभर ठेवल्यावर तो सुटला, पण मी त्याला तो वापरू नको म्हणून सांगितलं आणि त्याने ऐकलं. ही तपासणी करून घ्यायची तर एक पथ्य आहे. भांड्यातला दाब कॉम्प्युटरला खरी डायव्हच वाटतो, तो ती नोंदवतो आणि नायट्रोजन मोजत बसतो. म्हणून सहलीच्या आदल्या दिवशी ही तपासणी करू नये.

आता परतीचा प्रश्न. डायव्ह संपली की बऱ्याच कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर विमानाचं छोटं चित्र आणि काही तास दिसतात. इतके तास विमानात बसू नका, असा त्याचा अर्थ. आपल्याकडची मंडळी तो बघतात आणि म्हणतात, आपण कुठं विमानाने चाललोय, गाडीने तर जायचंय. चूक इथेच होते. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, म्हणजे डॅन, ही संस्था सांगते की नो-डेको मर्यादेतली एकच डायव्ह केली असेल तर किमान 12 तास आणि एका दिवसात अनेक किंवा सलग अनेक दिवस डायव्ह केल्या असतील तर किमान 18 तास विमानप्रवास टाळावा. हा सल्ला केबिनमधल्या 2000 ते 8000 फूट उंचीइतक्या दाबासाठी आहे. 2000 फूट म्हणजे साधारण 600 मीटर. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे आणि आंबोली 690 मीटरच्या जवळपास. मालवणातून दुपारी निघून संध्याकाळी घाटमाथ्यावर चहा घेणारा माणूस त्या पट्ट्यात येऊन पोचलेला असतो. शरीराला विमान आणि घाट यांतला फरक कळत नाही, त्याला फक्त हवेचा दाब कमी झालेला कळतो.

एकदाच इन्स्ट्रक्टरचा हात धरून सहा-सात मीटरवर पंधरा-वीस मिनिटं फिरून येणाऱ्या पर्यटकांना मला घाबरवायचं नाही. त्यांच्या अंगात फार नायट्रोजन जात नाही. माझं बोलणं आहे ते दोन दिवसांत चार-पाच डायव्ह करणाऱ्या, 15-18 मीटर किंवा त्याहून खोल जाणाऱ्या प्रमाणपत्रधारकांशी. रविवारी दुपारी शेवटची डायव्ह, मग माशाचं ताट, आणि ‘सोमवारी ड्यूटी आहे’ म्हणून लगेच फोंडा नाहीतर करूळ घाट चढायचा, हे बंद करा. आमचा नेम असा आहे: शेवटच्या दिवशी दुपारी बाराच्या आत पाण्याबाहेर, रात्री मुक्काम खालीच, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहानंतर गाडी सुरू. अठरा तास पूर्ण होतात आणि नऊ-दहापर्यंत माणूस कोल्हापुरात. एका रात्रीच्या खोलीचं भाडं जातं, ते जाऊ द्या. घरी आल्यावर खांदा किंवा गुडघा दुखायला लागला, मुंग्या आल्या, तर ‘बॅगा उचलल्या म्हणून दुखतंय’ असं स्वतःच ठरवून झोपू नका. डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच सांगा की काल समुद्रात इतक्या खोल गेलो होतो, आणि कॉम्प्युटरमधली नोंद दाखवा.

याच कारणाने निवड करताना दोन गोष्टी पुस्तिकेत बघा. एक, विमानाच्या चित्रासमोरचे तास तो प्रत्यक्ष डायव्हवरून काढतो की सरसकट एकच आकडा दाखवतो. दुसरी, उंची तो आपोआप ओळखतो की हाताने लावावी लागते. झूप नोव्होत ती हाताने लावतात: 0 ते 300 मीटर, 300 ते 1500 आणि 1500 ते 3000. कोल्हापुरात तलावात किंवा खाणीच्या पाण्यात सराव करणाऱ्याने दुसरा टप्पा लावायला हवा. समुद्रावर दुसराच टप्पा राहिला तर मिनिटं थोडी कमी मिळतात, नुकसान काही नाही. पण इथल्या पाण्यात पहिला टप्पा ठेवून खोल उतरणं धोक्याचं आहे.

सिंधुदुर्गातल्या डायव्हिंग चालकांना माझी विनंती आहे की पावतीवर शेवटच्या डायव्हची सगळ्यात जास्त खोली आणि पाण्याबाहेर आल्याची वेळ लिहून द्यावी. दोनच आकडे आहेत, पेनाने लिहिले तरी चालतील. आणि संपादक महोदय, आपल्या पुरवणीत पुढच्या वेळी मालवणचं पान येईल तेव्हा खोल्यांच्या दरांखाली हेही छापा: एक डायव्ह केली असेल तर 12 तास आणि अनेक केल्या असतील तर 18 तास घाट चढू नये.

आपली,
एक वाचक,
उद्यमनगर, कोल्हापूर